मरियमबाईंची सही

(सोनई, १९४३. याकोब गवंड्यांच्या घराची ओसरी. दुपारची जेवणं झालेली. नगरहून आलेले शांतवन वकील, याकोब, त्यांची बायको मरियम आणि मुलगी मार्था.)

याकोब : आन् स्टँपाचा कागद नको म्हनता? साधाच चालंल?

शांतवन : मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, मिस्त्री. वाण्याच्या पुडीच्या कागदावर लिहिलंत तरी चालेल.

याकोब : आन् रजिस्टर?

शांतवन : केलंत तर बरं. नाही केलंत तरी पक्कं. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या ओसरीवरून कोणी उठत नाही बघा.

याकोब : आमाला काय कळतंय? आमी ओळंबा लावून भिंत बघनारी मानसं. पुन्यांदा एकदा वाचून दावा.

शांतवन : "माझं राहतं घर व पुढचं अंगण माझी बायको मरियम हिला. बाकी सर्व, म्हणजे जमीन, विहिरीतला हिस्सा आणि या कागदात वेगळं लिहिलेलं नसेल ते सगळं, माझा मुलगा डेव्हिड याला." झालं समाधान?

याकोब : झालं. डेव्हिड पहिलीचा. हिच्या पोटचा न्हाई. पोरगं वाईट न्हाई, पन उद्या कुनी कान भरले तर हिनं कुटं जायाचं? म्हनून लिवून ठेवतोय. मार्थाला नगरात मास्तरकी हाय, तीच म्हनली मला काय नको.

मार्था : नकोच. आईच्या डोक्यावरचं छप्पर तिच्या नावावर राहिलं म्हणजे झालं.

मरियम : जेवल्या जेवल्या मरनाचा इशय कशाला काडता? वकीलसायेब, कोंबडीचा रस्सा आनखी हाय. वाडू?

शांतवन : दोनदा घेतला की, बाई. आता उठता येणार नाही. पण असा रस्सा नगरात मिळत नाही हो.

याकोब : आंड्यावरची कोंबडी कापली तिनं तुमच्यासाटी. मग आता? गनीभाईची सही झाली, त्यो गेला दुकान उघडायला. दुसरी साक्ष सहादेव मास्तरांची. त्ये वांबोरीला गेल्यात. दिवेलागनीला येतील.

शांतवन : दिवेलागणीला? माझी मोटार आत्ता सुटेल, मिस्त्री. ती चुकली तर उद्या कोर्टात माझं काम कोण बघणार?

याकोब : मग हिची सही चालंल का? बाईमानसाची साक्ष कायद्यात चालती का, त्ये सांगा.

शांतवन : का नाही चालणार? कायद्यापुढे बाई आणि पुरुष सारखे. साक्षीदार सज्ञान पाहिजे आणि शुद्धीवर पाहिजे. बस्स.

याकोब : ऐकलंस का गं? तू शुद्धीवर हायेस नव्हं?

मरियम : तुमच्या घरात इतकी वर्सं काडली, म्हंजी नसंनच. अंगठा देऊ का?

याकोब : अंगठा कशाला? पोरीनं हिवाळाभर पाटीवर गिरवून घेतलं त्ये कशापायी? सही कर. गनीभाई तर म्हनत हुता, भाभी लिवायला शिकली, आता दुकानाची पाटी तिच्याकडूनच काडून घेतो.

मरियम : शाईचा हात न्हाई माजा. पाटीवरचं पुसता येतंय, ह्ये पुसता यायचं न्हाई.

शांतवन : इथं लिहा. इथं. लवकर, बाई.

मार्था : आई, सावकाश. रेघेवर धर. खाली उतरतेयस.

मरियम : झाली. बग.

मार्था : 'म' केवढा मोठा काढलास! आणि शेवट पार रेघेच्या खाली गेलाय.

मरियम : व्हय. घसरली. मी ताटं नेते आत.

शांतवन : छान झालं. तुमच्यासारख्या बाया गावोगावी पाहिजेत. निघतो मी.

याकोब : या. नीट जावा. मार्था, कागद घडी घालू नगंस, शाई वली हाय. आन इकडं. बग की, माज्या सहीपेक्षा ऐटीत बसलीया. जा, आत जाऊन सांग तिला, चांगली आली म्हनून.

मार्था : तुम्ही सांगा ना.

याकोब : मी सांगितलं तर गंमत वाटंल तिला. तू मास्तरीन. तू सांगितलंस तर खरं वाटंल.

मार्था : रेघेवर आली की सांगेन, बाबा.

*

शांतवन : या मार्थाबाई. बराच वेळ बसावं लागलं का?

मार्था : बाहेर बाकावर होते. तिथं आतलं सगळं ऐकू येतं.

शांतवन : रविवारी चर्च सुटल्यावर फुकट सल्ला देतो मी. अख्ख्या नगरला ठाऊक आहे, म्हणून गर्दी. प्रश्न मात्र तेच तेच.

मार्था : एक म्हातारा विचारत होता, दत्तक दिलेला मुलगा परत घेता येतो का. तुम्ही 'नाही' म्हणालात आणि तो उठून गेला. मुलगा परत का हवा झालाय, ते तुम्ही विचारलं नाहीत.

शांतवन : विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यावं. वकिलीतला पहिला धडा आहे हा. मोसंबं घ्या. श्रीगोंद्याच्या एका अशिलानं आणली आहेत. सोलून देऊ?

मार्था : नको.

शांतवन : मिस्त्रींचं फार वाईट झालं. दफनाला येणार होतो, पण नेमकी त्या दिवशी तारीख होती.

मार्था : तुम्ही जेवून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चुलीपुढे बसून चहाचं आधण ठेवत होते. आईला त्यांनी उठूच दिलं नाही. म्हणाले, आज घरमालकिणीनं बसायचं, गड्यानं चहा करायचा. ती हसत होती. त्यांनी कप मागितला, आणि ती कप घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकले होते.

शांतवन : देवाची इच्छा.

मार्था : ते पाद्रीसाहेबांनी सांगितलंय. मी तुमच्याकडे या नोटिशीसाठी आलेय. ज्यानं साक्ष घातली त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सबब मरियमबाईंनी घर खाली करून डेव्हिडच्या ताब्यात द्यावं. खाली तुमची सही आहे.

शांतवन : डेव्हिड माझा अशील आहे. तो आधी आला. तुम्ही आधी आला असतात तर तुमचं काम घेतलं असतं. यात वैयक्तिक काही नाही.

मार्था : बाबांनी तुम्हाला विचारलं होतं, बाईची साक्ष चालते का.

शांतवन : चालते. आजही हेच सांगेन. तुमच्या आईच्या सहीमुळे ते मृत्युपत्र पक्कं झालं, त्याला कोणी हात लावू शकणार नाही. फक्त ज्याला द्यायचं त्यानंच साक्ष घातली, तर त्याचं तेवढं देणं रद्द होतं. आणि रद्द झालेलं 'बाकी सर्व'मध्ये जाऊन पडतं. ते डेव्हिडचं.

मार्था : म्हणजे सगळा कागद शाबूत राहिला, आणि ज्यासाठी केला तेवढंच त्यातून गेलं.

शांतवन : कायद्याला कारण आहे हो. जिचा लाभ, तिच्याच साक्षीवर कोर्टानं विश्वास कसा ठेवायचा?

मार्था : कायद्याचं मी विचारत नाही. कलम वाचून आलेय, आणखी एका वकिलांना भेटूनही आलेय. ते म्हणाले, इलाज नाही. मला एवढंच विचारायचंय, दुसरी साक्ष तुम्ही स्वतः का घातली नाहीत? टाक तुमच्याच हातात होता.

शांतवन : मी लिहिलेल्या कागदावर मी साक्ष घालत नाही. उद्या वाद झाला तर पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. वकिलाला ते शोभत नाही.

मार्था : सहादेव मास्तर त्या दिवशी अंधार पडायच्या आत आले.

शांतवन : तेव्हा मला काय कल्पना?

मार्था : आईनं टाक हातात घेतला तेव्हा हे कलम तुम्हाला आठवत होतं का?

शांतवन : मार्थाबाई, हे असं विचारणं बरं नाही.

मार्था : बाहेरच्यांना एका शब्दात उत्तरं देत होतात. मलाही तसंच द्या.

शांतवन : आठवत होतं. आठवणार नाही तर काय? पण मोटारीची वेळ झाली होती. म्हटलं, पुढच्या खेपेला दुसरं करून देऊ, मिस्त्री काय पळून जातायत! आणखी आठ दिवस राहिले असते, तर काहीसुद्धा बिघडलं नसतं.

मार्था : म्हणजे चुकले ते बाबा.

शांतवन : तसं कुठं म्हणालो मी?

मार्था : तुमच्या कुंपणाची भिंत त्यांनी बांधलीय. येताना पाहिलं. अजून सरळ आहे.

शांतवन : उत्तम कारागीर होते, त्यात वादच नाही. आणि तुमच्या आईसुद्धा मोठ्या मनाच्या. तो रस्सा अजून जिभेवर आहे.

मार्था : ती मोसंबी जरा लांब ठेवता का? सोलताना रस या नोटिशीवर उडतोय.

शांतवन : बरं, बरं. रागानं काही निघत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. मी डेव्हिडला सांगून मुदत वाढवून घेतो, एवढं माझ्याकडून. मात्र ठरलेल्या दिवशी घर खुशीनं सोडते, असं तुमच्या आईला लिहून द्यावं लागेल. मसुदा तयार आहे. सही घ्या आणि दोन साक्षीदार घ्या.

मार्था : साक्षीदार कोण चालतात?

शांतवन : कोणीही.

मार्था : नीट सांगा. या वेळी मी विचारलंय.

*

मरियम : ह्यो पाटा तुज्या नगरच्या खोलीत मावंल का गं? न्हाई तर शेजारच्या छबूबाईला देऊन टाकू.

मार्था : मावेल. घे तू.

मरियम : तू इस्टेशनाकडून येताना दमली आसशील. भाकरी खा. डेव्हिड आल्ता सकाळी.

मार्था : आत आला?

मरियम : न्हाई. दारात हुबा राह्यला. म्हनला, मावशी, मी कुटं काय केलं? कायद्यानं झालं. पानी दिलं तर नको म्हनला. लहानपनी ह्याच उंबऱ्यावर बसून माज्या हातानं जेवायचा. मान वर करून भिताडाकडं बगत हुता सारका. ह्यांनी बांदलेलं हाय त्ये, किती दगूड निगंल, त्ये मोजीत आसंल.

मार्था : आई, नको.

मरियम : खरं त्ये खरं. पन त्येचा दोष न्हाई. घर म्या घालवलं. दगूड वाहिलं ह्याच हातानं, आन घालवलं बी ह्याच हातानं.

मार्था : तू नाही घालवलंस. त्या माणसाला माहीत होतं. तू टाक धरलास तेव्हा त्याला माहीत होतं, आणि तो मोटारीकडे बघत होता. आज त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं मला. सांगताना मोसंबं सोलत होता.

मरियम : आसंल. मोठ्ठ्या मानसाला लई कामं.

मार्था : तू त्याला शिव्या तरी दे.

मरियम : शिव्या देऊन ह्ये घर ऱ्हातंय का? मला एकच सांग. अंगठा दिला आसता तर?

मार्था : तरी तेच झालं असतं. अंगठा आणि सही, कायद्याला दोन्ही सारखंच. मी विचारलं.

मरियम : विचारलंस व्हय?

मार्था : या वेळी सगळं विचारलं.

मरियम : तरी बी. अंगठा बरा हुता. इतकी वर्सं देत आले, कदी वाईट झालं न्हाई. शिकाय गेले आन घरावर आलं. ती कोनाड्यातली पाटी बी घिऊन जा तुज्या शाळंत. एकाद्या पोरीला उपेगी पडंल.

मार्था : पाटी राहू दे.

मरियम : न्हाई, ने. आन त्यो वकिलाचा कागद आन हिकडं. उजेड हाय तवर देऊन टाकते. गनीभाई म्हनला, साक्षीला येतो, पन नीट विचारून घ्या, पुन्यांदा काय घोटाळा नको. त्येच्या डोळ्याला पानी आल्तं. त्येला वाटतंय, त्यो लवकर सही करून गेला, म्हनून ह्ये झालं.

मार्था : त्याचा काय संबंध?

मरियम : मी बी त्येच म्हनलं. ज्यो त्यो आपलाच हात बगीत बसलाय. कुटं द्यायचा अंगठा? हितं?

मार्था : इथं. पण थांब.

मरियम : हात सोड गं. शाई लागंल तुला.

मार्था : त्या दिवशी तू ताटं घेऊन आत गेलीस ना, तेव्हा बाबा तो कागद उन्हाकडे धरून बघत होते. घडी घालू देईनात.

मरियम : काय बगत हुते?

मार्था : तुझं नाव. मला म्हणाले, जा, आत जाऊन सांग तिला. मी नाही आले आत.

मरियम : काय सांगायचं हुतं?

मार्था : दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही. मग माणसं यायला लागली.

मरियम : काय म्हनले हुते, मार्था?

मार्था : टाक घे, आई. अंगठा नको.

मरियम : रेघंवर यायची न्हाई माजी.

मार्था : नको येऊ दे. त्या दिवशीही रेघेवर नव्हती. चांगली आली होती.