एका छपराखालच्या दोन चुली

बाळांनो, डोळे मिटा बघू! अहो पाटील, तुम्ही नाही — तुम्ही मिटलेत की घोरायला लागाल! हां. आता समजा, एक घर आहे. छप्पर एक, उंबरा एक — पण चुली दोन! दिसल्या? मग सांगा : माणूस समोर बसलंय, पण मोजणाऱ्यानं मोजलंच नाही, तर ते आहे की नाही?

मंडळी, ऐका. त्या घरात होती नऊ वर्षांची मैना, तिचे आई-आबा आणि सुंदराकाकू. काका वारलेला. काकू बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. तिचं बँकेत खातं नव्हतं, म्हणून मिळकत आबांच्या खात्यात! मागितली की आबा म्हणायचे, "देतो की! पळून चाललेत का पैसे?" — पळत नव्हते हो, पण हलतही नव्हते! शेवटी कंटाळून काकूनं पडवीत वेगळी चूल मांडली.

एक दिवस दवंडी पिटली — गणतीच्या बाई येणार! कोणत्या घरात खातं नाही, ते मोजणार. तिथं मागाहून बँकेचा माणूस येणार, दारातच खातं उघडणार!

"माझ्या नावाचं खातं गं, मैने!" काकू कानात कुजबुजली.

पण घर मोजायचं कसं? बाईंचा नियम असा — एका चुलीवर जेवतात, ते एक घर. त्यातल्या एकाचं खातं असलं, की अख्ख्या घराचं आहे! वा! म्हणजे एकानं आंघोळ केली की सगळे स्वच्छ!

आबांना धास्ती वेगळीच. घर फुटलं असं सरकारी कागदावर चढलं, तर गावात तोंड कसं दाखवायचं? सकाळीच हाक मारली, "सुंदरा, आज चूल पेटवू नकोस. शिरा केलाय, इकडंच जेव!" भोळी काकू हरखली! शिऱ्याचा घास उचलते, तोच बाई दारात.

"चुली किती?"

"एकच!" आबा म्हणाले. "आमच्यात वेगळं-बिगळं काही नाही."

"खातं?"

"आहे ना! माझ्या नावावर."

काकूचा घास हातातच राहिला. पण थोरल्या दिरापुढं बोलायची रीत नव्हती. पदर ओढून ती खाली बघत बसली.

बाईंनी पडवीत डोकावलं. चूल थंडगार. "ही कुणाची?"

"ती होय? तिच्यात कोंबडी बसते!"

मैनेनं तोंड उघडलं. आबांनी डोळे वटारले, "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही!"

हसताय, मंडळी? तुमच्याही घरी असेल कुणी. विचारलं की म्हणता, 'ते काय, आमच्यातच!' आमच्यात म्हणून पोटाशी धरता, की पदराखाली झाकता? आज घरी जाऊन त्यालाच विचारा बरं, 'तुझं स्वतःचं काय?' — चाचरत नाही, मोकळ्या तोंडानं!

आणि मैना? बाळांनो, ती बापाचा शब्द मोडून एक अक्षर बोलली नाही! तिनं आईच्या चुलीतला विस्तव खापरात घेतला, पडवीत नेला, वर गोवऱ्या रचल्या, गाल फुगवले — आणि फुंकणीतून अशी फुंक मारली, की धुराचा लोट थेट बाईंच्या चष्म्यावर! बाईंचं पेन थांबलं. मैनेनं काकूचा तवा चढवला, काकूच्या डब्यातलं पीठ परातीत ओतलं, आणि सगळ्यांदेखत थापायला बसली — वेडीवाकडी, पण काकूच्या चुलीची भाकरी!