साक्षीच्या आदल्या दिवशी मी तिला घरी आणलं

मी कराडकडचा, ताई. गावाचं नाव नका लिहू, तिथं अजून आमची माणसं राहत्यात. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, वढ्यापलीकडं. बा हमाली करायचा, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. आम्ही दोघं भाऊ, थोरला दादा आन मी. दादा अंगानं असा होता की काय सांगू तुम्हाला, दारातनं आत आला की घरात अंधार पडायचा. त्याला कुस्तीचा नाद. तालमीत आम्हाला कोण घेणार, तर हा वढ्याच्या वाळूत एकटाच जोर-बैठका मारायचा, दगडं उचलायचा.

आन एका जत्रेला तो फडात उतरला. कुणी विचारलं नाय, यानं सांगितलं नाय. समोर गावातल्या मोठ्या घरचा पोरगा होता, त्याला यानं चितपट केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू, त्यांच्यातल्याही काहींनी वाजवल्या. मंग कुणीतरी विचारलं हा कुणाचा रं, आन टाळ्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले, म्हणले काल विहिरीवरच्या मोटरीची चोरी झालीय, चल. शाळेतले गुरुजी आदल्या दिवशी दिवसभर दादाच्या संगं होते, रात्री आमच्या ओट्यावर बसून चहा पिले होते. बा त्यांच्या पाया पडला, म्हणला गुरुजी एवढं सांगा साहेबाला. गुरुजी म्हणले मला बदली करून घ्यायची न्हाई, मी काही बघितलं नाय. चार दिवसांनी दादा घरी आला तवा त्याचा उजवा पाय गुडघ्यातनं वाकत नव्हता. तो पुन्हा कधी वाकलाच नाय. सायकलीचं दुकान टाकलं त्यानं, पंक्चर काढायचा, पाय असा पुढं लांब करून. गेला लवकर. मी तवा तेरा वर्षांचा असेन, पण पोलीस दिसला की अजून मी रस्ता बदलतो, इथं मस्कतमध्ये तर खाकी नाय बिकी नाय, तरी बी.

तर मी मुंबईत गॅरेजला लागलो, डेंटिंग-पेंटिंग शिकलो, आन तिथनं एका एजंटानं ओमानला आणलं. मस्कतच्या गाला भागात गॅरेज. सव्वीस वर्षं झाली. आधी घासायला होतो, मंग रंगाला, मंग फोरमन. फोरमन झाल्यावर फॅमिली व्हिसा मिळाला तवा मंडळीला आन पोरीला आणलं, पोरगी चार वर्षांची होती. प्रज्ञा नाव. सीबला घर घेतलं भाड्यानं. इथं कसंय ताई, आपण पाहुणे. अर्बाब, म्हणजे मालक, चांगला होता आमचा, पण पासपोर्ट त्याच्या कपाटात. मान खाली, काम चोख, यल्ला म्हणलं की पळायचं, खलास म्हणलं की थांबायचं. मला ते आवडायचं, खरं सांगतो. जात कुणी विचारत नव्हतं. अरबांच्या लेखी सगळेच हिंदी. मला वाटलं बस, आपण सुटलो.

पोरगी पळायची. शाळेत सगळ्यांच्या पुढं. शुक्रवारी मला सुट्टी, मंग पहाटेचं मी तिला अझैबाच्या किनाऱ्यावर न्यायचो, ती वाळूवरनं पळायची आन मी घड्याळ धरून उभा. दादासारखी काळी, दादासारखे खांदे. मंडळी म्हणायची अहो उन्हात नका नेऊ, आणखी काळवंडेल, लग्न कसं व्हायचं. मी म्हणायचो पळू दे. त्या पळण्यावरच तिला अमेरिकेतल्या कॉलेजनं घेतलं, शिक्षण फुकट, राहणं फुकट, फक्त त्यांच्या संघातनं पळायचं. गॅरेजमध्ये मी पेढे वाटले. इथं आमच्या समाजाचं मंडळ आहे, त्यातल्या लोकांनी, सगळे इंजिनिअर, मोठ्या हुद्द्याचे, त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार केला, आन स्टेजवर मलाही बोलावलं. मला, रंगाऱ्याला.

तिकडं तिला एक मैत्रीण मिळाली. टिशा. काळी पोरगी, तिथलीच, संघात हिच्या बरोबरीनं पळणारी. दोघी एका खोलीत. हिचं आपलं फोनवर टिशा असं, टिशा तसं. टिशाची आई हिला रविवारी जेवायला बोलवायची. मी म्हणलं बरंय, पोरीला घर मिळालं. एकदा हसत हसत सांगितलं तिनं, बाबा मी सकाळी पळत होते तर पोलिसानं गाडी आडवी घातली, विचारलं कुठनं पळून चाललीस. मंग माझं बोलणं ऐकलं, म्हणला अच्छा तू इंडियन आहेस होय, आन सोडून दिलं. ती हसली. मला हसू आलं नाय. मी म्हणलं तू त्या पोरीबरोबर कमी फिर. ती म्हणली, बाबा, तुम्ही हे म्हणलात?

त्यानंतरच्या वर्षी ते झालं. सराव संपवून या दोघी टिशाच्या भावाच्या गाडीतनं येत होत्या. भाऊ बावीस वर्षांचा, नाव मार्कस, गोदामात कामाला. मागं पोलिसाची गाडी लागली, याचा मागचा एक दिवा बंद होता म्हणे. त्यानं गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, तिकडं पोरांना आईच शिकवती म्हणे तसं ठेवायला. पोलीस म्हणला कागद दाखव. तो म्हणला कागद त्या खणात आहेत, हात घालू का. एवढंच बोलला, ताई. प्रज्ञा मागच्या सीटवर होती, तिनं शब्द न शब्द ऐकला. त्याला ओढून खाली पाडला, हात पाठीमागं पिरगाळला, आन ती म्हणती बाबा, लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. आन वर केस काय, तर त्यानंच पोलिसाला मारलं.

तिनं मला फोन केला तवा इथं सकाळ होती, मी गॅरेजचं शटर उघडत होतो. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणली मी सगळं बघितलंय, मी साक्ष देणार. मी म्हणलं त्याची बहीण होती ना गाडीत, ती देईल. तर म्हणली बहिणीवर कोण विश्वास ठेवणार, वकील म्हणतो तूच एक तिऱ्हाईत आहेस.

त्याच सुमाराला तिकडचे खेळाडू राष्ट्रगीत चाललं असताना गुडघा टेकत होते, तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. पोलीस काळ्या माणसांना मारतात म्हणून. शर्यतीच्या दिवशी गाणं सुरू झालं आन टिशा खाली बसली, आन तिच्या शेजारी आमची. कुणीतरी फोटो काढला, तिथल्या पेपरात आला. लोकांनी तिला काय काय लिहून पाठवलं, तुझ्या देशात चालती हो, आमचं खाऊन आमच्या झेंड्याचा अपमान करतेस. कोचनं बोलावून घेतलं, म्हणला मी तुला अडवू शकत नाय, पण पुढच्या वर्षी संघात जागा असेलच असं नाय. फोटो इथपर्यंत आला. आमच्या मंडळातला एक साहेब मला म्हणला, अहो व्हिसावर गेलेल्या पोरीला हे धंदे सांगितले कुणी, उचलून परत पाठवतील, नाव कायमचं काळ्या यादीत जाईल. मी फोन लावला. म्हणलं ऊठ. एवढंच म्हणलं, ऊठ पोरी. ती म्हणली बाबा, मी पडले नाहीये, मी बसलेय. आन मला नुसता दादाचा पाय दिसत होता.

आता पुढचं सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाय.

कोर्टाची तारीख गुरुवारची होती. मी आधी विनवलं, मंग शपथ घातली, मंग ओरडलो. ऐकेना. म्हणली तुम्हीच गुरुजींची गोष्ट सांगितली होती ना मला. मी म्हणलं ती गोष्ट पोलीस काय असतो ते कळावं म्हणून सांगितली होती. ती म्हणली मला वेगळंच कळलं.

मंग सोमवारी मी फोन केला आन म्हणलं, तुझी आई हॉस्पिटलात आहे. छातीत दुखलं, आतल्या खोलीत ठेवलीय, डॉक्टर म्हणत्यात मुलांना बोलवून घ्या. माझा आवाज खरंच कापत होता, त्यामुळं तिला खरं वाटलं. मंडळी तर घरी बसून तांदूळ निवडत होती. तिला काही माहीत नाय. तिचा मोबाईल मी आवाज बरोबर येत नाय, दुरुस्तीला टाकतो म्हणून घेऊन आलो आन गॅरेजच्या खणात ठेवला. दिवसभर तो वाजत होता. मी गाडीला रंग मारतोय आन खणात पोरगी आईला फोन करतीय. एक मल्याळी पोऱ्या म्हणला उस्ताद, फोन. मी म्हणलं वाजू दे, चुकीचा नंबर आहे.

बुधवारी दुपारी ती उतरली. विमानतळाबाहेर आली तर हातात एक पाठीवरची पिशवी, बाकी काही नाय. माझ्या गळ्यात पडली, म्हणली कशी आहे. मी म्हणलं बरी आहे आता. पासपोर्ट तिनंच माझ्याकडं दिला, लहानपणापासनंची सवय, विमानतळावर उतरलं की बाबांकडं पासपोर्ट. गाडीत ती डोळे मिटून पुटपुटत होती, लहानपणी शिकवलेली वंदना म्हणत होती आईसाठी. हॉस्पिटलचं वळण आलं आन मी सरळ निघालो. ती म्हणली बाबा, वळण मागं राहिलं. मी म्हणलं घरी आणलंय तिला.

दार मंडळीनं उघडलं. हाताला पीठ. अगं बाई, न सांगता आलीस, असं म्हणून तिनं त्याच पिठाच्या हातानं पोरीचं तोंड धरलं, आनंदानं रडायलाच लागली. पोरीनं आईकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. ताई, मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती एवढंच म्हणली, उद्या कोर्ट आहे बाबा. आन पासपोर्टसाठी हात पुढं केला.

मी दिला नाय. मी तो घेऊन गॅरेजला गेलो आन कपाटात ठेवला, अर्बाब आमचे ठेवतो त्याच कपाटात, आन त्याची किल्ली फोरमन म्हणून माझ्याकडंच असायची, ती खिशात टाकली. तीन दिवस. मंडळीला सगळं कळल्यावर ती माझ्याशी बोलली नाय, जेवली बी नाय. पोरगी फोनवर वकिलाला सांगत होती, मी लिहून देते, मी फोनवर बोलते. वकील म्हणला न्यायाधीशासमोर उभं राहावं लागतं. त्यानं पुढची तारीख मागितली, कोर्टानं दिली नाय. मंग त्यानं त्या पोराला सांगितलं, साक्षीदार आला नाय, लढलास तर जास्त वर्षं जातील, गुन्हा कबूल कर. मोडलेल्या हातानं त्यानं सही केली. दोन वर्षं.

शनिवारी मंडळी स्वतः टॅक्सी करून गॅरेजला आली, सगळ्या पोरांसमोर माझ्या पुढं हात पसरला, म्हणली तिचा पासपोर्ट द्या न्हाईतर माझा बी काढा. मी दिला.

ती गेली. टिशा तिच्याशी बोलत नाय, खोली बदलली. संघ हिनंच सोडला, पळणं सोडलं, कुणाकुणाच्या शिफारशीनं शिक्षण कसंबसं पुरं केलं, आता दुसऱ्या गावात एका प्रयोगशाळेत आहे. आईला फोन करती. मी उचलला की म्हणती आईला द्या. दोन वर्षं झाली ह्याला. एकदाच तिनं मला लिहिलं, मोडक्या मराठीत. ती मार्कसच्या आईच्या घरी गेली होती, खरं ते सांगायला, की माझ्या बापानं खोटं सांगून मला नेलं. त्या बाईनं तिला आत घेतलं, खुर्ची दिली. म्हणली तुझा बाप घाबरला, त्यानं आपलं लेकरू आपल्या देशी बोलावून घेतलं. मी माझ्या लेकराला कुठं बोलावू?

हे वाचल्यापासनं मला झोप म्हणून नाय, ताई. मला वाटायचं मी त्या गुरुजींपेक्षा बरा. ते नुसते गप्प बसले होते. मी तर बोलणाऱ्याचं तोंड दाबलं, आन ते बी माझ्याच पोरीचं.

आता इथलं काम संपलं. गॅरेज मंदावलं, जुन्या माणसांना काढत्यात, माझा व्हिसा ह्या महिनाअखेर खलास. मंडळी पुढं गेली, मी सामान बांधतोय. गावाकडं घरातलं कोण उरलं नाय, पुण्याला मंडळीचा भाचा आहे, त्याच्याकडं राहीन. कुणी विचारतं पोरगी अमेरिकेत ना, मंग काय काळजी. मी हो म्हणतो.

तुम्ही हे जसंच्या तसं लिहा. माझी बाजू घेऊ नका, बिचारा बाप असं काही घालू नका. प्रज्ञाला मराठी सावकाश वाचता येतं, पण येतं. तिनं वाचावं आन तिला वाटलं तर त्या बाईला तिच्या भाषेत सांगावं. माफी मागायला माझं तोंड नाय. तो पोरगा आता सुटून आला असेल, न्हाईतर येईल. त्याचा हात बरा होवो. त्याच्या आईला त्याला कुठंच पाठवायची पाळी न येवो, तिच्या दारातच तो म्हातारा होवो. आन तिनं मला शिव्या दिल्या, तर त्या मला लागोत.