टाळावेत लिहिलंय, सोडावेत नाही!

...नाही, पण मला एक सांगा, टाळणे म्हणजे सोडणे असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? दाखवा! मी गुणाजी, वीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवतोय, एकेक अक्षर या बोटांनी उचललंय, आणि मला आमची जानकी शब्दाचा अर्थ शिकवणार? बायको आहे, मान्य. कोश आहे का?

झालं काय, माझ्या पायाचा अंगठा सुजला. वांग्याएवढा! डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, 'मासे टाळावेत.' बस्स, एवढंच! आणि ही बया घरभर सांगत सुटली, मासे बंद, मासे बंद! अगं, टाळावेत लिहिलंय, सोडावेत नाही! खिळ्यांच्या पेटीत 'ट'चा खण वेगळा, 'स'चा खण वेगळा, डोळे मिटून सांगतो मी!

आणि मी टाळले हो! तुम्हाला सांगतो, रविवारी मासळीबाजाराची वाट सोडून मागच्या गल्लीने गेलो आणि पडवळ आणलं. मालवणी माणूस, रविवारी, पडवळ! घरी येतो तर दारात कोण? मनोरीची रुक्मिणी कोळीण! आमची बोरिवली आत्ता कुठे मुंबई महापालिकेत गेली, पण ही बाई कधीपासून खाडी ओलांडून आमच्याच पायरीवर टोपली टेकते. "गुणाजीदादा, बोंबील बघ तरी, चांदीवानी हाय!"

आता बोला! साहेब रस्त्यात दिसला की आपण पलीकडच्या बाजूने जातो, याला म्हणतात टाळणं. पण साहेबच समोर येऊन उभा राहिला तर? नमस्कार करावा लागतो की नाही? तसाच मी बोंबलांना केला... टाळणं माझ्या हातात, टळणं बोंबलांच्या! ते नाही टळले, त्यात माझा काय गुन्हा?

जानकीने कढई लपवली. मी तव्यावर तळले. झकास झाले! सोमवारी अंगठा पुन्हा टम्म.

"अवो, माका शब्दांतला काय कळणा नाय," जानकी म्हणाली, "माका तुमचो अंगठो दिसता." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही, पण म्हणून काय मराठी भाषा बदलायची? म्हटलं, चल डॉक्टरकडे! होऊन जाऊ दे निकाल!

गेलो लंगडत. चिठ्ठी ठेवली टेबलावर. म्हटलं, डॉक्टर, हिला सांगा, टाळावेत लिहिलंय, सोडावेत नाही! साहेबाचं उदाहरण दिलं, टाळणं-टळणं समजावलं, दवाखान्यातले खोकणारे लोकसुद्धा खोकायचे थांबले. डॉक्टरांनी चष्मा पुसला... "गुणाजीराव, तुमचं अगदी बरोबर. चूक माझीच."

ऐकलंस? म्हटलं, ऐकलंस जानकी? छाती अशी फुगली माझी! तेवढ्यात डॉक्टरांनी पेन उघडलं, 'टाळावेत'वर काट मारली, वर सुरेख अक्षरात 'सोडावेत' लिहिलं, खाली सही ठोकली. "ही घ्या दुरुस्ती."

जन्मभर प्रुफांवरच्या लोकांच्या दुरुस्त्या घेतल्या हो मी, एकीलाही कधी नाही म्हटलं नाही. मग या दुरुस्तीला नाही कसं म्हणू? चिठ्ठी आता चुलीवरच्या भिंतीला डकवलीय, जानकीने तिला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी आहे, आणि माझ्या ताटात पडवळ. म्हणून सांगतो, घरात एखादा शब्द सैल पडला असेल तर पडू द्या, अर्थ विचारायला जाऊ नका... टाळत होतो, तोवर खात तरी होतो!