घरी खटाक्, गॅरेजात गप्प

…आणि वर तो गुंडो मेकॅनिक म्हणतो काय, "अण्णा, गाडीत आवाजच नाही!" घ्या! आता काय करावं भगवंतरावांनी, सांगा तुम्हीच! अहो, आवाज नाही कसा? पहिल्यातून दुसरा टाकला की खटाक्! दुसऱ्यातून तिसरा टाकला की खटाक्! आणि सिग्नलला क्लच सोडताना तर अगदी मागे बसून कुणी थोबाडीत मारल्यासारखा… खटाक्!

गाडी कुठली विचारू नका, आमच्या बेंगळुरातल्या हेब्बाळच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. काळी, गोल डोळ्यांची, गिअर स्टिअरिंगलाच असलेली, भगवंतरावांच्या वडिलांनी घेतलेली गाडी हो! तिच्यातूनच भगवंतरावांनी सोयराबाईंना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरी आणलं. तुम्हाला सांगतो, पोरांचा वाढदिवस विसरेल हा माणूस, पण गाडीचं ऑइल कधी बदलायचं ते झोपेत सांगेल! आणि कान कसले म्हणता? बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात उभी हयात तपासणी खात्यात गेली. मशीनजवळ नुसते उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "डावीकडचं बेअरिंग गेलं." उघडून बघावं तर गेलेलं! असल्या माणसाला स्वतःच्या गाडीतला खटाका सापडू नये? झोप उडाली हो त्यांची!

हे सगळं दसऱ्यानंतर सुरू झालं. आधी बॉनेट उघडलं, मग गाडीखाली सतरंजी टाकून आडवे झाले, वॉचमन धावत आला, "सार, येनायतु? काय झालं?" यांचे पाय तेवढे बाहेर! काही सापडेना. शेवटी म्हणाले, "सोयरा, गॅरेजात जाऊन येतो." की सोयराबाई म्हणणार, "थांबा स्वल्प!" चावी घेऊन आधी त्या खाली जायच्या, गाडीला हळदकुंकू लावायच्या, नमस्कार करायच्या, मग यांनी निघायचं. घरचा रिवाजच तो. आणि गेटबाहेर पडल्यापासून गाडी अशी शहाणी, अशी शहाणी… दाताच्या डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते ना, तशी! गुंडो चक्कर मारून यायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "अण्णा, लोण्यावानी चालतीय की!" घरी आले, जेवले, संध्याकाळी भाजीला निघाले… खटाक्! घरी खटाक्, गॅरेजात गप्प!

मग उपाय सुरू. इंजिनाचं माउंटिंग बदललं. घरी खटाक्! मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस बदलला. खटाक्! फोनवर आवाज रेकॉर्ड करून गुंडोला पाठवला, तर त्याचं उत्तर, "अण्णा, ह्यात तर नुसते हॉर्नच ऐकू येतायत!" शेवटी गुंडोलाच घरी बोलावलं, की आता सापडतेस, जातेस कुठे! तर सोयराबाई म्हणाल्या, "मेकॅनिक येतोय? थांबा स्वल्प," आणि गेल्या खाली हळदकुंकू घेऊन. गुंडो आला, सोसायटीला तीन वेढे घातले. गप्प! गुंडोनं त्यांच्याकडे असं काही बघितलं… आणि हळूच म्हणाला, "अण्णा, एकदा कान दाखवून घ्या, सरी? ठीक हाय का?" कान! भगवंतरावांचे कान! त्या रात्री माणूस जेवला नाही हो!

आणि इथं सत्यानाश झाला. पुतण्याच्या बारशाला सगळं गणगोत जमलेलं, कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "काय काका, अजून वाजते का?" आणि यांचा भडका उडाला. "चार दिवसांत आवाज सापडला नाही तर गाडी विकून टाकीन! शब्द आहे माझा!" आता या घराण्याची गंमत तुम्हाला ठाऊक नाही. भांडतील मराठीत, रुसतील कन्नडात, पण चारचौघांत दिलेला शब्द? गिळायची सोयच नाही! आवाज सापडला नाही. आणि चौथ्याच दिवशी, मुदत संपायच्या आधीच, व्हाइटफील्डहून गिऱ्हाईक दारात हजर.

देवव्रत नावाचा पोरगा, मूळचा पुण्याचा, आयटीतला. "काका, ऑनेस्टली, मी लहानपणापासून अशा कारचा फॅन आहे! व्हॉट अ ब्यूटी, यार!" पोरगा चांगला होता हो, म्हणूनच भगवंतरावांना जास्त राग आला. त्यांची सगळी भिस्त त्या खटाक्यावर! गाडी वाजणार, पोरगा घाबरणार, पळून जाणार. मनातल्या मनात हसतच शेजारी बसले. पोरानं गिअर टाकला… गप्प! दुसरा टाकला… गप्प! भगवंतरावांचं तोंड उतरलं. "जरा जोरात सोड क्लच!" सोडला. गप्प! "फ्लायओव्हरवर घे!" घेतली. गप्प! अहो, जो माणूस महिनोन्महिने हात जोडत होता की बाई गप्प बस, तोच आता डॅशबोर्डवर थापट्या मारून पुटपुटतोय, "वाज गं माझ्या आई, एकदा वाज!" आणि पोरगा काय म्हणतो? "काका, सुपर स्मूथ! डन!" डन म्हणे! भगवंतरावांना "हो" म्हणवेना आणि "नाही" म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

परत आले तर गेटवर सोयराबाई उभ्या. डोळे लाल, हातात नारळ. वाळलेला, हळद माखलेला.

"हा कसला?" भगवंतराव.

"गाडीचा हो. दसऱ्याच्या आयुधपूजेचा. गाडी परक्या घरी चालली, नारळ कसा देऊ? सकाळीच काढून घेतला डिकीतून."

"डिकीतून?"

"दरवर्षी पुढे ठेवायचे, गेल्या साली उन्हानं तडकला. म्हणून यंदा मागे ठेवला. गॅरेजात जाताना काढून घ्यायचे ना मी, त्यांचे तेलाचे हात देवाच्या नारळाला लागतील म्हणून! मेकॅनिक घरी आला तेव्हा पण काढला, गेल्यावर परत ठेवला."

भगवंतरावांनी नारळ घेतला, कानाशी हलवला. आत सुटलेलं खोबरं… खुळुक! डिकीत ठेवला, झाकण लावलं, गाडीत बसले, गिअर टाकला, क्लच सोडला. खटाक्!

तुम्हाला सांगतो, सत्तरीचा माणूस सोसायटीच्या अंगणात नाचला! "सापडला! सापडला नाही तर विकीन म्हणालो होतो! सापडला!" देवव्रत म्हणतोय, "काका, मग तर इश्यूच नाही, मी घेतो!" पण ऐकतंय कोण! सोयराबाई पदरानं डोळे पुसत हसतायत, भगवंतराव वॉचमनला मिठी मारतायत, तिसऱ्या मजल्यावरून कुणी टाळ्या वाजवतंय. पोराला भरपेट उपमा, दोनदा फिल्टर कॉफी आणि वर म्हैसूरपाकाचा डबा देऊन पाठवला बिचाऱ्याला. आनंद, आनंद!

पाहुणा गेला. भगवंतराव मोठ्या प्रेमानं म्हणाले, "सोयरा, तो नारळ काढ आता आणि देव्हाऱ्यात ठेव."

"भलतंच! गाडी राहिली तर नारळही राहणार. पुढच्या दसऱ्यापर्यंत गाडीतनं हलायचा नाही तो."

"गॅरेजात जाताना हलवायचीस ते?"

"ते देवाच्या सोवळ्यासाठी. तुमच्या कानांसाठी नाही!"

"निदान टॉवेलात तरी गुंडाळ!"

"देवाचा जीव कोंडायचा का? तुम्हीच गिअर कमी बदला."

झालं! तेव्हापासून भगवंतराव हेब्बाळहून कुठंही निघाले की दुसऱ्यात निघतात आणि दुसऱ्यातच पोचतात. मी विचारलं एकदा, "अहो, त्रास नाही होत?" म्हणाले, "त्रास कसला? तसाही बेंगळुरात तिसरा गिअर लागतो कुणाला!"