समुद्रावर मारलेली हाक

ये गं शोभे, अशी जवळ सरक. तितं उंबऱ्यात बसून काय ऐकनार हाईस, परकी हाईस का? माझ्या सख्ख्या बहिनीची लेक तू, आन् मावशी आठवली तुला इतक्या दिसांनी. परभणीपस्तोर दर महिन्याला येतीस, मंग पेडगाव काय लय दूर पडतंय का? बरं, घे, चहा घे. आमची समुद्राची गोष्ट लिहायची तर लिही, पन मदी मदी हसू नको.

माझं माहेर जिंतूरकडचं, तुला ठाव हायच. लगीन होऊन पेडगावात आले तव्हापासून कापूस, सोयाबीन, ढोरं आन् चूल. लगनात ह्यांचं नाव उखान्यात घेतलं, तेबी राव लावून, तोंडातल्या तोंडात, ते लोकांसाठी. हाक मारायला नाव कव्हाच न्हाई घेतलं. आव म्हनायचं, ऐकलं का म्हनायचं, लईच झालं तर दिलीपचे दादा. आन् काय सांगू तुला, ह्यांचं नाव पोखर्णीच्या देवाचंच, मंग देवाचं नाव तरी कसं घ्यावं? आमचं तर ते कुलदैवत. समद्या बाया देवाच्या नावाचा जयजयकार करायच्या आन् मी नुस्ते हात जोडून म्हनायची, पोखर्णीचे मालक, सांभाळा. देव समजून घेतो गं, सासू घेत न्हाई.

आनखी एक, हे चालताना कायम पुढं आन् मी मागं. बाजाराला चाला, देवाला चाला, माझी जिंदगी ह्यांची पाठ बघन्यातच गेली.

तर काय झालं, आमच्या दिलीपचा पुन्याहून फोन आला. फोन ह्यांनी घेतला आन् मला येऊन सांगितलं, पोरानं आपल्यासाठी समुद्रावर कपाळ कॉटेज घेतलंय. मी म्हनलं, कपाळ माझं! असलं नाव ठिवल्यावर तितं कोन राहायला जात आसंल? मंग सुनंनं समजावलं की कपल म्हंजी जोडपं, नवराबायकोनंच राहायचं, पोरंबाळं न्हाईत, पाहुनेरावळे न्हाईत. मी म्हनलं, मंग मी स्वयंपाक कुनाला करू? तरीबी धपाटे, शेंगाची चटनी, ठेचा, समदं गाठोडं बांधलंच.

पोरानं-सुनंनं गाडीनं नेऊन तळकोकनात सोडलं आन् ते दोघं परत गेले. लाल चिऱ्याचं घर, भवताली नारळी, म्होरं दोघांपुरता झोका. आत जाते तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या मांडलेल्या! मी म्हनलं, इतं कुनी पूजा मांडून इसरलं का काय. समद्या पाकळ्या ओच्यात गोळा केल्या आन् सकाळी समुद्राला वाहिल्या. तितली घर बघनारी सुमनबाई हसून हसून बेजार. मंग तिनंच आमाला होडीत बसवून किल्ला दावला, बंदरावरला मासळीचा लिलाव दावला. आमी न खानारे, नाकाला पदर लावून बगितला, पन बगितला.

शेजारच्या कॉटेजात नवं जोडपं. ती पोरगी नवऱ्याला दिसभर ए अक्षय, अरे अक्षय. मी तोंड वाकडं केलं तर हे म्हनले, ऐक की, कसं गोड वाटायलंय. मी म्हनलं, मंग करा तसली दुसरी. तर म्हनत्यात, ह्या वयात देतंय कोन?

निघायच्या आदल्या दिशी संध्याकाळी पानी लांब गेलतं, खडक उघडे पडलते. हे चालले पुढं, कायमच्यावानी. मी वाळूत बसले. आपली गोदावरी पुराला येती तव्हा डोळ्याला दिसती, गाजत येती. समुद्र गुमान येतो, मागून येतो, आमाला काय ठाव? हे टोकाच्या खडकावर, हात मागं बांधून, बांधावरून रान बघावं तसे उभे, आन् जितून गेले तितं पानी भरायलेलं. सुमनबाई पळत आली, गो आजी, भरती इली, आजोबांक हाक मार!

मी वरडले, आव! आव! तर किनाऱ्यावरले समदे नवरे वळून बघायले, माझेच वळंनात. दिलीपचे दादा म्हनलं, ते लाटंनं गिळलं. अक्षय पळाला खरा, पन ते लय लांब. शोभे, जिंदगीभर बगितलेली ही पाठ आता शेवटची बघायलेय का काय, असं वाटलं. आन् मंग कुटून आलं कुनास ठाव, नरसिंगा! नरसिंगा, माघारी फिर!

आन् ते वळले. आईनं हाक मारल्यावानी झटक्यात वळले. सासूबाईच्या मागं असं एकेरीत बोलावनारं कुनी उरलंच न्हवतं ना त्यांना. मांडीएवढ्या पान्यातून खडक धरत धरत आले, पुढं जाऊन अक्षयनं हात दिला. धोतर भिजून चिंब, एक चप्पल समुद्रानं ठिवून घेतली. मी रडायले बी आन् शिव्या बी द्यायले. तर हे मलाच इचारत्यात, आधी सांग, काय म्हनलीस? मी म्हनलं, काई न्हाई, देवाचा धावा केला. म्हनले, देवाला कुनी माघारी फिर म्हनतंय का गं?

वाळूतून परत जाताना मातर माझ्या बाजूनं चालले. एका चपलंनं.

गावी आलो आन् पहिले पोखर्णी गाठली. नारळ फोडला, आन् मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हनलं, नरसिंगा, आसंच राहू दे रे बाबा. तर मागून हे म्हनले, ओ! पुजाऱ्यासकट समदा सभामंडप हसला बग.

आता तेच चालू हाय. रानातून आव म्हनून कितीबी बोलवा, कान न्हाईतच त्यांना. नावानं बोलावलं की हजर. गावातल्या बाया टोमने मारत्यात, मारू देत, समुद्र त्यांनी कुटं बगितलाय?

निघालीस का? ऊन उतरू दे की जरा. आता लवकर ये गं, आन् जावयाला बी घेऊन ये, मी धपाटे करीन. फाट्यावर उतरलीस की नुस्ता फोन कर. मी दारातून हाक मारते, एका हाकंत येत्यात ते तुला घ्यायला.