एर्मिंदामावशीचं आभाळ

...आणि म्हणे, घर परत वर ओढा! आता तुम्हीच सांगा, घर म्हणजे काय हातगाडी आहे, नेलं खाली, आणलं वर? गावातल्या झाडून सगळ्या बैलजोड्या जुंपून, ओंडक्यांवरून घसरवत घसरवत आम्ही ते टेकाडावरून किनाऱ्यापर्यंत आणलेलं, चहूबाजूंनी रिकामी पिंपं बांधलेली, आता फक्त भरती यायची, लाँचला दोर बांधायचा आणि घर तरंगत तरंगत समोरच्या बेटावर... आणि ही बाई म्हणते, परत वर. आणि आभाळात एक ढग नव्हता हो. शपथेवर सांगते तुम्हाला, एक ढग नव्हता.

तसं घर हलवणं आमच्या चिलोएच्या बेटांवर नवं नाही. जागा बदलली म्हणून घर कोण मोडतं? अख्खं लाकडाचं असतं, उचलायचं नि न्यायचं. शेजारीपाजारी येतात, ओढतात, पैसे कुणी घेत नाही, पण खायला घालायचं ते पोट फुटेस्तोवर. आणि मला तर हलणं भागच होतं, कारण समुद्राने आमच्या घराखालची दरड कुरतडत आणली होती, स्वयंपाकघरात भाकरी थापायला उभी राहिले की पायाखाली लाट ऐकू यायची. नवं बांधायची ऐपत नाही. हे घर गेलं तर मी आणि फिलिदोर, म्हणजे आमचे हे, राहणार कुठे, बैलांबरोबर?

आता रीत अशी, की आधी आभाळ बघायचं आणि मग डुक्कर कापायचं. आम्ही आधी डुक्कर कापलं. खड्डा खणला, दगड लाल केले, शिंपल्या, मांस, बटाटे, वर मोठाली पानं, कुरांतो शिजायला घातला, सफरचंदाच्या दारूचं पिंप फोडलं, आणि तेवढ्यात आली एर्मिंदामावशी. माझी शेजारीण, कुंपणाला कुंपण, सत्तरी उलटलेली, आणि आयुष्यात उद्योग एकच, वर बघून 'पाऊस येणार' म्हणायचं. अहो, चिलोएत पाऊस येणार हे सांगायला अक्कल कशाला लागते? आमच्याकडे कोंबडीसुद्धा सांगेल.

आली ती थेट माझ्यापुढे. "एदुविना, घर वर ने."

म्हटलं, "मावशी, वर बघ जरा. ढग आहे का एक तरी?"

"तू वर बघू नकोस, समोर बघ. तो पाण्यापलीकडचा ज्वालामुखी आज कसा दिसतोय? हात लावावा इतका जवळ. बर्फातल्या भेगा दिसतायत. आणि तुझ्या कुरांतोचा धूर बघ कुठे लोळतोय ते. दक्षिणेकडे. म्हणजे वारा उत्तरेचा. संध्याकाळच्या आत फाडून खाईल."

आता उत्तरेचा वारा म्हणजे आमच्याकडे वादळ, ते मला माहीत नाही का? पण तो वारा होता का, तो तर एवढासा श्वास होता हो, माझ्या कानामागची बटसुद्धा हलत नव्हती. आणि सगळे लोक माझ्याकडे बघतायत. फिलिदोर म्हणतो, "घर तुझं, तू ठरव." वा, चुलीपाशी शेकत बसताना घर त्याचं असतं, आणि बुडवायची वेळ आली की माझं. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मावशी, खरं सांग. तुला मी इथून जायला नकोय, म्हणून हे चाललंय."

सगळा किनारा हसला. ती नाही हसली. म्हणाली, "हो, नकोयस. तू गेलीस की भांडू कुणाशी? पण वारा काय मला विचारून येतो?"

आणि गेली की हो तरातरा, माझ्याच घरात शिरली, आतून कडी घातली आणि खिडकीतून ओरडली, "सोडा आता पाण्यात. मी इथे बसलेय."

काय करणार? म्हातारीला बुडवणार? बैल वळवले. फिरून दोर, फिरून ओंडके, माणसं मला शिव्या घालतायत, मी मावशीला घालतेय, आणि मावशी माझ्या खिडकीत बसून हुकूम सोडतेय, "डावीकडनं ओढा रे, कुंपण मोडेल माझं!" आणि आभाळात एक ढग नव्हता. मेला एक ढग नव्हता.

टेकाडावर पोचलो, बैल सोडले, आणि तुम्हाला सांगते, दार वाजलं. कुणी वाजवलं नाही, वाऱ्याने. ज्वालामुखी गेला, बेट गेलं, समुद्र सगळा पांढरा, आणि जिथे तासापूर्वी माझं घर उभं होतं तिथे लाटा अशा आपटतायत की ओंडके काड्यांसारखे उडाले. लाँच नांगर तोडून खडकावर. सगळं गाव माझ्या घरात कोंबलेलं, हातात शिंपल्या. मी मावशीच्या पायाशी बसले आणि रडले. लाज कसली त्यात? तिने माझं घर वाचवलं, आणि लाँचवर जो बसणार होता तो फिलिदोर वाचवला. ती म्हणाली, "रडू नकोस, मांस आण. तो तुकडा नको, चरबीचा आण."

पुढच्या उधाणाला परत सगळं. परत डुक्कर, परत खड्डा, लाँच तेवढी दुसरी, मागून आणलेली. आणि त्या दिवशी ढगच ढग हो, आभाळभर गठुळी. मी म्हटलं, नाही, मी नाही घर पाण्यात सोडत. मावशी आली, धूर बघितला, म्हणाली, "ढगांचे तळ बघ, कसे सपाट आहेत. दक्षिणेचा वारा आहे, रिकामे चाललेत सगळे. आज जा. आत्ता जा." एवढं बोलून पाठ फिरवली. माझं घर तेलावरून जावं तसं गेलं, आणि ती बाई किनाऱ्यावर एकटी, एकदाही वळली नाही. नकोच होतं तिला मी जायला. तरी खरं तेच सांगितलं. असं माणूस मिळतं का हो?

आता मी या बेटावर, ती समोरच्या काठाला. सकाळी मी आभाळ बघतच नाही. तिच्या दोरीवर चादर दिसली की मी कपडे वाळत घालते, तिने काढली की मी कपडे काढायला धावत सुटते. आणि हल्ली माझ्या लक्षात आलंय, लख्ख उन्हात, वारा नाही, काही नाही, बाई मधेच चादर काढते आणि दारात उभी राहून बघत बसते, मी पळते का ते.

आणि मी पळते.