सोमवारचं जेवण

दवाखान्यात माझ्या शेजारी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एक बाई होत्या. हात चांगलाच भाजला होता. सोबत धाकटी बहीण.

"ताई, एका जागी बस बघू."

"वाजले किती?"

"दहा. तुझ्या जागी बदली बाई आलीये ना?"

"ती हजेरी बघून मोजकं शिजवेल."

"मग बरोबरच आहे की."

"आज सोमवार आहे गं. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर पोरं दुप्पट जेवतात. पहिलीतली ती चिमुरडी तर तीनतीनदा ताट पुढे करते."

"घरी जेवत नाही का?"

"असं तिला विचारायचं कसं? मी आपली वाढते."

"मग फोन करून सांग त्या बाईला."

"केला. हसली. म्हणाली, हावरट असतात पोरं."

"ताई, नर्स बोलावतेय, चल."

बाई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही जा आधी. मलम संध्याकाळीही लावता येईल. जेवणाची घंटा बाराला होते."